पडद्यावरचे सुतक

सुतकाच्या कपड्याला कुणी हौसेने जवळ करत नाही, मित्रांनो. लग्नातला भरजरी किमोनो बायका पुन्हा पुन्हा काढून बघतात, गालाला लावून बघतात. माझी घडी उघडली की मात्र घरातले सगळे गप्प होतात. मी काळ्या रेशमाचा एक जुना किमोनो आहे. माझ्यावर फूल नाही, पक्षी नाही, वेलबुट्टी नाही. फक्त पाच ठिकाणी, म्हणजे पाठीवर, दोन्ही बाह्यांच्या मागे आणि छातीच्या दोन्ही बाजूंना, बोराएवढ्या पांढऱ्या वर्तुळात आंबुशीची तीन पाने आहेत. ती एका घराण्याची खूण आहे. आंबुशी कितीही उपटली तरी पुन्हा उगवते, म्हणून त्या घराण्याने ती निवडली असे म्हणतात. ते घराणे आता उरलेले नाही.

माझा जन्म क्योतोचा. रंगाऱ्याने मला आधी लाल रंगात बुडवले आणि मग काळ्यात. नुसता काळा रंग दिला तर काही वर्षांनी तो तपकिरी मारतो. खाली लाल असला की काळा खोल दिसतो आणि टिकतो. त्या लाल रंगाचे कारण एवढेच. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे भलतेच अर्थ लावले गेले.

तोसे नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या आईने मला रुखवतात ठेवले. आमच्याकडे तशी रीतच आहे. सुखाच्या दिवशीच दुःखाचा कपडा शिवून ठेवायचा, म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही. पेटीचे झाकण लावताना आई म्हणाली, "हा इथंच राहो बाई, म्हातारी होईपर्यंत." पण तसे झाले नाही. तिसऱ्या वर्षी तोसेचे सासरे गेले. आठव्या वर्षी लढाईवरून नवऱ्याच्या अस्थींची पेटी आली. ती हलवली की आत काहीतरी खुळखुळायचे. उघडली तर नाव लिहिलेला एक कागद आणि एक खडा. तोसे त्या खड्यापुढे दिवसभर बसून राहिली आणि माझी गळपट्टी भिजून कडक झाली.

मग उपासमारीची वर्षे आली. तोसेचे फुलाफुलांचे किमोनो एकेक करून तांदळासाठी आणि रताळ्यांसाठी खेडोपाडी गेले. मला कुणी घेतले नाही. ती दर उन्हाळ्यात मला सावलीत वाळत घाली, कापूर बदली आणि परत पेटीत ठेवी. ती गेली तेव्हा तिची सून परदेशी पद्धतीचा काळा झगा घालून बसली होती. एकोणपन्नास दिवसांचे सुतक संपताच जुन्या कपड्यांचा व्यापारी आला आणि पेटी उचलून घेऊन गेला. दुसऱ्याच्या घराण्याची खूण असलेला सुतकाचा कपडा कोण विकत घेणार? त्याने मला एका गठ्ठ्यात बांधले आणि तो गठ्ठा तोक्योच्या एका चित्रपट कंपनीला दिला.

ती कंपनी लहान होती. ज्या थिएटरांच्या दारावर 'अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही' अशी पाटी असते, तिथे लागणारे चित्रपट ती काढायची. पाच दिवसांत एक चित्रपट पुरा व्हायचा. तिथल्या कपड्यांच्या खोलीत मला हात्सुयो मावशी भेटल्या.

हात्सुयो मावशींचे खरे काम नेसवण्याचे. वीस वर्षे त्यांनी मोठ्या स्टुडिओत ऐतिहासिक चित्रपटांतल्या सरदारांच्या बायका नेसवल्या होत्या. घरोघर टीव्ही आले, मोठे स्टुडिओ बसले, आणि मावशी इथे आल्या. त्यांनी गठ्ठ्यातून मला काढले, उजेडात धरले, गळपट्टीचा वास घेतला. "हा खरोखरीचा वापरलेला आहे," त्या म्हणाल्या. एवढे म्हणून त्यांनी मला स्वच्छ केले, पांढरी आतली पट्टी बदलली आणि हँगरवर अडकवले.

दिग्दर्शक उराबे मला बघून फार खूश झाले. उराबे हे शिकलेले, हाडकुळे गृहस्थ होते. चहाच्या पेल्यात सिगारेट विझवायची त्यांना सवय होती. ते एका विधवेवरचा चित्रपट काढणार होते आणि विधवेचे काम करणारी मुलगी होती नोबुए. वय सत्तावीस. पडद्यावर तिचे नाव दुसरेच होते, फुलासारखे. ते इथे सांगण्याचे कारण नाही. आधी ती सूतगिरणीत होती, मग एका दारूच्या दुकानात पेले भरायची, आणि तिथून इथे आली.

उराबेंनी तिला समोर बसवले आणि मला तिच्या गुडघ्यांवर ठेवून समजावून सांगितले. "नवऱ्याला जाऊन चाळीस दिवस झालेत. एकोणपन्नास व्हायचेत. म्हणजे त्याचा आत्मा अजून घरातच आहे, कळलं? नुसतं उघडं अंग काय, न्हाणीघरात रोज दिसतं. त्यासाठी कुणी तिकीट काढत नाही. माणूस येतो तो ही गाठ बघायला. ही पाठीवरची खूण बघितलीस? हे तुझं सासर. ही खांद्यावरून खाली आली की अख्खं घर कोसळलं. आणि काळ्या रंगाच्या खाली लाल असतो म्हणतात. म्हणजे बघ, वरून सुतक आणि आत काय!"

नोबुएने सगळे ऐकून घेतले. "साहेब, सासर पाठीवर, नवरा घरात, लाल रंग कापडात. यात मी कुठं आहे?"

"तू आत आहेस," उराबे हसून म्हणाले. त्यांना ते उत्तर फार आवडले असावे, कारण दुपारी त्यांनी ते कॅमेरावाल्यालाही सांगितले.

"मला वीस मिनिटं लागतील," मावशी म्हणाल्या.

"वीस? दोन मिनिटांत तर सोडायचंय ते, मावशी."

"म्हणूनच. नीट बांधलेलं असलं तर सुटतं, साहेब. ढिलं बांधलेलं नुसतं गळतं."

मित्रांनो, माझा एवढा अर्थ आहे हे मला माहीत नव्हते. तोसेच्या अंगावर मी सुतकाचा कपडा होतो आणि तेवढे मला पुरत होते. इथे माझी गाठ म्हणजे संयम, माझी गळपट्टी म्हणजे अब्रू, मी खाली पडलो की पाप. कापडाला वाद घालता येत नाही. दिवे लागले, कुणीतरी ओरडले आणि मी खाली पडलो. पुन्हा उचलला गेलो, पुन्हा बांधला गेलो. एका प्रसंगात माझी खांद्याची शिवण उसवली. नोबुएच्या मानेवरचा पांढरा रंग माझ्या गळपट्टीला लागायचा. रॉकेलच्या एका शेगडीवर तेवढा मोठा हॉल कुठला गरम व्हायला? 'कट' म्हटले की मावशी रजईचे जाकीट घेऊन धावायच्या आणि तिला गुंडाळून टाकायच्या. नोबुएचे दात वाजत असायचे.

"नवरा मेलाय आणि मला थंडीनं रडू येतंय," ती म्हणायची.

"येऊ दे. त्यांना कुठं फरक कळतो?" मावशी म्हणायच्या.

चित्रपट चालला. मग विधवांचे चित्रपट एकामागून एक निघू लागले. त्या वर्षी मी चार नवरे गमावले. एका मासिकात कुणीतरी लांबलचक लेख लिहिला की काळा किमोनो म्हणजे जुन्या कुटुंबाचा तुरुंग आहे आणि तो उतरणे म्हणजे बंड आहे. उराबेंनी तो लेख कापून भिंतीला लावला. त्यात माझे कौतुक चार ठिकाणी होते. नोबुएचे नाव एकदाही नव्हते.

त्याच भिंतीवर एके दिवशी चौथ्या चित्रपटाचे पोस्टर लागले. नोबुए माझ्यात बसलेली, मान कललेली, एक हात गळपट्टीवर. मावशी जेवणाचा डबा घेऊन आत आल्या, त्यांनी पोस्टर पाहिले आणि डबा खाली ठेवला. मग जाहिरात बघणाऱ्या माणसाला फोन लावला.

"फोटो उलटा छापलाय तुम्ही."

पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होते. "उलटा म्हणजे? डोकं वरच आहे की."

"डावं-उजवं झालंय. उजवी बाजू वर आलीय. जिवंत माणसाला डावी बाजू वर नेसवतात. हे असं फक्त मेलेल्याला नेसवतात."

"मावशी, त्या चित्रात लोक कुठली बाजू वर आहे ते बघणार आहेत का?"

"माझ्या हातचं नेसवणं आहे ते."

"उजवीकडं अक्षरांना जागा होत नव्हती, म्हणून फोटो फिरवला. आता देशभर गेलीत पोस्टरं. ठेवू?"

मावशींनी फोन ठेवला. नोबुए आरशापुढे बसून केस विंचरत होती. ती म्हणाली, "जाऊ दे हो मावशी. मेलेल्याला थंडी तरी वाजत नाही." मावशी हसल्या नाहीत. पण त्यांनी दुसरा फोनही केला नाही.

फेब्रुवारीत तार आली. नोबुएच्या तोंडाला रंग लागलेला होता. तिने तार वाचली आणि आरशाखाली ठेवली. 'आई गेली. उद्या दुपारी. मात्सुए.' मात्सुए म्हणजे तिची वहिनी. नोबुएचे माहेर पश्चिमेच्या समुद्रावरचे एक मासेमारीचे गाव होते. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला चित्रपट निघाला तेव्हा तिच्या थोरल्या भावाने, तेइजीने, लिहिले होते की यापुढे या घरी पत्र पाठवू नकोस. तिने पाठवले नव्हते.

उराबेंनी तिला अडवले नाही. "जा. तुझं काम पुढच्या आठवड्यात घेऊ," ते म्हणाले.

तिच्याकडे सुतकाचा कपडा नव्हता. तो लग्नात मिळतो आणि तिचे लग्न झालेले नव्हते. मावशींनी मला हँगरवरून काढले.

"हा नको. हा सिनेमातला आहे," नोबुए म्हणाली.

"हा तुझ्या सिनेमाच्या आधीचा आहे, पोरी. हा शिवला तेव्हा तुझी आई कुमारी असेल." मावशींनी गळपट्टीवरचा रंग बेन्झिनने पुसला आणि मला कागदात बांधले. मग स्वतःचा कोट घातला.

"तुम्ही कुठं?"

"बर्फाचा मुलूख आहे. रेशीम भिजलं की आटतं. कुणीतरी बघायला हवं." कारण ते नव्हते, हे दोघींनाही कळत होते.

गाडीत मी मावशींच्या मांडीवर होतो. त्यांनी भाताचे गोळे आणि मुळ्याचे लोणचे बरोबर घेतले होते. नोबुएने एक गोळा हातात घेतला आणि तासभर तो तसाच धरून ठेवला. बाहेर बर्फ वाढत होता. मग ती आईबद्दल बोलायला लागली. आई बंदरावर मासे साफ करायची. हाताचा वास कधी जायचा नाही. "आणि गावात कुणी गेलं की तिलाच बोलवायचे. नेसवायला. शेवटचं पांढरं नेसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लहानपणी मी घाईत उलटी बाजू वर केली की ती हातातलं टाकून धावत यायची. म्हणायची, जिवंतपणी असं नेसू नये, मरणाला वाटतं आपल्याला बोलावलंय."

मावशींचा हात माझ्या गाठोड्यावर होता. तो एकदम जड झाला.  नोबुएच्या काही लक्षात आले नाही.

गावाबाहेरच्या बसथांब्याच्या खोलीत मावशींनी तिला नेसवले. बाहेर समुद्र गरजत होता. त्यांनी माझी डावी बाजू वर घेतली आणि तळव्याने ती दाबून धरली, जरा जास्तच वेळ.

घर माणसांनी भरले होते. शेजारच्या बायका पांढरे ॲप्रन घालून स्वयंपाकघरात राबत होत्या. भिक्षू अजून आले नव्हते. नोबुए उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात चटईवर टेकून तिने मान खाली घातली. पलीकडे शवपेटी होती. तिचे डोळे गळू लागले आणि माझी गळपट्टी भिजली. तोसेच्या वेळी भिजली होती तशीच. रेशमावर दोघींच्या आसवांचे डाग सारखेच पडतात.

पण मागे पुरुष बसले होते. त्यांतला एक हळूच म्हणाला, "हाच तो. पाठीवर पानं आहेत बघ." दुसरा नाकातून हसला. "पडद्यावर पण अशीच मान घालते खाली."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझा सगळा अर्थ एकदम कळला. ती खरी रडत होती. मी खरा सुतकाचा होतो. समोर खरी आई होती. आणि त्या खोलीत कुणालाच त्यातले काही खरे वाटत नव्हते, कारण त्यांनी ते आधी तिकीट काढून पाहिले होते.

तेइजी शवपेटीजवळून उठला. रुंद खांद्यांचा, वाऱ्याने काळवंडलेला माणूस. तो बहिणीसमोर येऊन उभा राहिला.

"नोबुए, हा उतरव."



"दादा, आईला एकदा—"

"हा घालून आईसमोर नको. हा कसा उतरतो ते गावातल्या अर्ध्या लोकांनी पाहिलंय."

तिने मान वर केली. "मग तू आत्ता जे म्हणालास, तेही त्यांनी ऐकलेलं आहे. सिनेमातही पुरुष हेच म्हणतात."

तेइजीचा चेहरा लालबुंद झाला. त्याने फक्त मागच्या खोलीकडे हात केला.

मागच्या खोलीत मावशींनी मला सोडवले. शेकडो वेळा त्यांनी त्याच गाठी सोडवल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांची बोटे चुकत होती. मात्सुए आत आली, तिने नोबुएला कामाचा जुना सुती किमोनो आणि पांढरा ॲप्रन दिला. नोबुएने तो घातला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन वाट्या धुवू लागली. मला घडी घालून चटईवर ठेवले होते. मधे फक्त एक कागदी दार होते. मला मंत्र ऐकू आले. मग मंत्र थांबले आणि दगडाने खिळे ठोकण्याचा आवाज सुरू झाला. आमच्याकडे शवपेटीचा खिळा घरच्यांनी एकेक करून दगडाने ठोकायचा असतो. ठक, ठक. मग दुसऱ्या हाताचा ठक. प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात वाट्यांचा आवाज थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. तिला कुणी बोलावले नाही.

पेटी बाहेर गेली. माणसे तिच्यामागून टेकडीवरच्या दहनघराकडे गेली. मात्सुए मागे राहिली. ती मागच्या खोलीत आली, नोबुएलाही हाताला धरून आत आणले आणि दार लावले.

"वन्सं, सांगू की नको कळत नाही मला."

"सांग, वहिनी."

"नोव्हेंबरात बंदरावरच्या थिएटराबाहेर तुमचं पोस्टर लागलं. सासूबाई कामावरून येताना तिथं उभ्या राहिल्या. खूप वेळ. लोकांना वाटलं, बाई लाजेनं खचली. त्या घरी आल्या आणि म्हणाल्या, नोबुएला उजवी बाजू वर नेसवलीय. ती गेली का? गेली असली तर मला कुणी सांगत का नाही?"

नोबुए हलली नाही.

"आम्ही सांगितलं, सिनेमाचं चित्र आहे ते. तर म्हणाल्या, चित्र असलं तरी इतकं नीट नेसवलंय, गळपट्टी बघ, पाठ बघ. असं नेसवणाऱ्या बाईच्या हातून बाजू चुकायची नाही. मुद्दाम नेसवलंय. ह्यांना म्हणाल्या, एक कार्ड टाक. आहे की गेली, एवढंच विचार. रोज विचारायच्या, आलं का उत्तर."

"आणि दादानं?"

"नाही टाकलं. मी पण नाही टाकलं, वन्सं. मला लिहिता येतं, पत्ता होता. ह्यांना घाबरले." मात्सुएने डोळ्यांना ॲप्रन लावला. "जानेवारीपासून त्या पितरांच्या देव्हाऱ्यात एक वाटी भात जास्तीचा ठेवायला लागल्या. तुमच्या नावानं."

मावशींनी दोन्ही हात चटईवर टेकले. त्यांचे कपाळ चटईला लागले. "ते मी नेसवलं होतं. छापताना उलटं झालं. मला कळलं होतं. मी एक फोन केला आणि गप्प बसले."

 छपरावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडला. मग नोबुएने ॲप्रनची गाठ सोडली.

"मावशी, मला नेसवा."

दहनघर म्हणजे टेकडीवरची विटांची एक लहान इमारत. आम्ही पोचलो तेव्हा सगळे संपले होते. पत्र्याच्या लांब तबकात राख आणि हाडे होती आणि नातेवाईक भोवती उभे होते. आमच्याकडे हाडे चॉपस्टिकने उचलून कलशात ठेवतात आणि एक हाड दोघांनी मिळून उचलायचे असते. मला बघताच माणसे बाजूला सरकली. तेइजीने ओठ दाबले. पण तिथला राखणदार म्हातारा होता. त्याच्या एका डोळ्यात फूल पडले होते आणि तो सिनेमा बघत नव्हता.

"मुलं किती बाईंना?" त्याने विचारले.

तेइजीने मान फिरवली. 

"दोन," नोबुए म्हणाली.

"मग समोरासमोर या दोघं. पायाकडून सुरू करा. वर डोकं यायला हवं, नाहीतर बाई कलशात उलट्या बसतील."

त्याने दोघांच्या हातात चॉपस्टिक दिल्या. भाऊ पलीकडे, बहीण अलीकडे. तेइजीने तिच्या तोंडाकडे पाहिले नाही. तो माझ्या छातीवरच्या पानांकडे बघत होता. दोघांनी मिळून पावलाचे एक हाड उचलले. ते खडूसारखे हलके होते. तेइजीच्या हातातून, समुद्रावर दोर ओढणाऱ्या हातातून, हाड निसटले. नोबुएने दुसरा हात पुढे केला. ते माझ्या बाहीत पडले.

कुणी हसले नाही. तिने बाही हळूच कलशावर धरली आणि हाड आत सरकवले. माझ्या काळ्या रेशमावर राखेचा पट्टा उठला.

"कार्ड लिहिलं होतं मी," तेइजी म्हणाला. आवाज घोगरा होता. "टाकलं नाही. पण लिहिलंय. कोटाच्या खिशात आहे."

"काय लिहिलंस?"

"आई विचारते, आहेस का."

नोबुएने पुढच्या हाडाला चॉपस्टिक लावली आणि तो लावेपर्यंत थांबली.

"आहे," ती म्हणाली.

त्यांनी पावले उचलली, मग गुडघे, मग बरगड्या. शेवटी गळ्याचे हाड उचलले आणि वर कपाळ ठेवले. तेइजी पुन्हा बोलला तो निघताना. "शेवटची बस पाचला आहे. घसरतं. सांभाळून जा." त्याने तिला राहा म्हटले नाही आणि तिनेही वाट पाहिली नाही. ती दोघे पुन्हा कधी भेटली नाहीत.

पुढचे थोडेच आहे. नोबुएने ठरलेले दोन चित्रपट पुरे केले, पण विधवेचे काम घेतले नाही. उराबे तिला म्हणाले होते, "आता तुला खरं दुःख माहीत झालंय, आता बघ कसं होतं काम!" ते हे वाईट बुद्धीने म्हणाले नव्हते, म्हणून ते ऐकणे जास्त कठीण होते. मावशींनी कंपनीला सांगितले की किमोनोला कसर लागली, फेकून दिला. आणि मला आपल्या खोलीवर नेले. बाहीवरची राख त्यांनी झटकली, पण धुतली नाही. नोबुए दुसऱ्या शहरात जेवणाचे डबे भरण्याच्या कामाला लागली. दर नव्या वर्षाला ती मावशींना कार्ड पाठवायची. एक कार्ड गावीही जायचे, असे मावशी म्हणत. तिकडून उत्तर यायचे की नाही, ते मला कळले नाही. मावशी गेल्यावर त्यांच्या भाचीने मला एका खोक्यात भरले. कापूर बदलायला आता कुणी नाही. काळा रंग कडेकडेने तपकिरी मारू लागला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शेवटी आपली काळजी घ्या म्हणून सांगायचे असते. मला तसे काही मागायचे नाही. मला कसर लागली तरी चालेल. पण तुमच्या घरातून कुणी निघून गेले असेल, आणि एखाद्या संध्याकाळी मनात आले की ते माणूस आहे की गेले, तर रागावलेले असाल तरी लिहा. दोनच ओळी लिहा. आणि लिहिलेत तर ते कार्ड कोटाच्या खिशात ठेवू नका.